मागावर पोलीस, मागावर वडील: ‘माग’ एक की दोन?

पूर्वभागकर (धागाकर्ती):

सोलापूरच्या पूर्व भागात कुणाच्या दारात जाऊन "मालक आहेत का?" विचारलं की आतून उत्तर यायचं, "मागावर आहेत." म्हणजे विणायला बसलेत, जरा थांबा. आणि पेपरात बातमी असते, "पोलीस दरोडेखोरांच्या मागावर." शब्द तोच, विभक्ती तीच, शुद्धलेखनही तेच. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही उर्दू. त्यांना हा प्रश्न पडतोच: बाई, हे दोन्ही ‘माग’ एकच का?

आमच्याकडे याची ठरलेली उत्तरं आहेत. धोटा (आडवा धागा नेतो तो) मागे-पुढे पळतो म्हणून तो माग, असं जुनी माणसं सांगतात. कापडाला मागणी येते म्हणून माग, असंही ऐकलंय. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात अडचण अशी की धोटा डावी-उजवीकडे जातो, मागे-पुढे हलते ती फणी. दुसऱ्यात अडचण अशी की मागणी कुंभारालाही येते आणि सुतारालाही. विणकराच्याच यंत्राने ते नाव का घ्यावं?

माझं म्हणणं असं आहे की हे दोन वेगळ्या घरांतून आलेले शब्द आहेत आणि मराठीत येताना दोघांचं रूप एकसारखं झालं.

विणायच्या मागाला आमच्या घरच्या तेलुगूत ‘मग्गं’ म्हणतात. जमिनीत खड्डा खणून, त्यात पाय सोडून ज्यावर बसायचं तो खड्डामाग म्हणजे ‘गुंट मग्गं’. कानडीत ‘मग्ग’. आता उत्तरेकडे बघा. हिंदीत ‘करघा’, तो फारसी ‘कारगाह’वरून आला. गुजरातीत ‘साळ’. बंगालीत ‘तांत’. मराठीच्या उत्तरेच्या आणि पूर्वेच्या बहिणींपैकी कुणाकडेच यंत्राचं नाव ‘माग’ नाही. दक्षिणेच्या दोन्ही शेजारणींकडे आहे. शब्द कुठल्या दारातून आत आला हे यावरून दिसतं.

चोराचा माग मात्र ‘मार्ग’चा. संस्कृत मार्ग, प्राकृत मग्ग, मराठी माग. हा बदल एकट्या याच शब्दाचा नाही. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्म, कम्म, काम. जोडाक्षर गेलं की आधीचा स्वर लांबतो, हा मराठीचा नेमच आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे. प्राकृतात ‘मग्ग’ म्हणजे वाट. कानडीत ‘मग्ग’ म्हणजे विणायचं यंत्र. दोन भाषा, दोन कुळं, अर्थाचा काडीचा संबंध नाही, आणि दोन्ही मराठीच्या एकाच नेमातून गेले की बाहेर पडतो तो ‘माग’. दक्षिणेकडून आलेल्या शब्दाला हा नेम लागतो याचा दुसरा पुरावा आपल्या रोजच्या ताटात आहे: कानडी ‘तुप्प’, मराठी ‘तूप’.

इथे निरनिराळ्या भाषा येणारी मंडळी आहेत. तुमच्या भाषेत माग, मग, मग्ग असा ऐकू येणारा शब्द असेल तर अर्थ सांगा, आणि जमलं तर तो कुठून आला तेही. नुसतं "सारखं वाटतं" यापेक्षा काहीतरी हाताला लागावं ही इच्छा.

सीनाकाठ:

धागा आवडला. तुपाचा दाखला चांगला, पण दोन शंका.

एक म्हणजे, शब्द तिकडून इकडे आला हे कशावरून? इकडून तिकडे गेला नसेल? मराठी आणि कानडी या भागात हजार वर्षं शेजारी नांदतायत. हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, शके 940 म्हणजे 1018 सालचा मराठी लेख आहे, "वाछि तो विजेया होईवा". आणि त्यानंतर शे-दीडशे वर्षांनी याच सोलापुरात सिद्धरामेश्वर कानडीत वचनं रचत होते. अशा ठिकाणी देणं-घेणं दोन्ही बाजूंनी होणार.

दुसरी शंका: जोडाक्षर जाऊन स्वर लांबतो हा नेम असेल तर ‘अक्का’चं ‘आका’ का झालं नाही? ‘अण्णा’, ‘अप्पा’ जसेच्या तसे कसे राहिले?

अक्कलकोटी:

सीनाकाठ, पहिल्या शंकेवर बोलतो, घरी कानडी आहे म्हणून.

विजयनगरच्या काळातल्या कानडी शिलालेखांत ‘मग्गदेरे’ नावाचा कर येतो. देरे म्हणजे तेरे, कर. मागावरचा कर. घरात माग किती आहेत त्यावर वसुली. राज्याच्या वसुलीत बसलेला शब्द म्हणजे तो तिथे चांगला मुरलेला होता. शिवाय कानडी, तेलुगू आणि तुळू तिन्हींत तो आहे, आणि सगळीकडे जोडाक्षरासकट. मराठी ‘माग’ त्यांनी उचलला असता तर त्यांच्याकडे ‘मागा’सारखं काहीतरी दिसलं असतं. लांब स्वराचं जोडाक्षर परत करून घ्यायचं त्यांना काही कारण नव्हतं. (तमिळमध्ये मात्र रोजच्या बोलण्यातला शब्द वेगळा आहे, ‘तऱि’. हातमागाला ते ‘कैत्तऱि’ म्हणतात.)

पूर्वभागकर ताई, एक दुरुस्ती सुचवतो. तुमच्या लिहिण्यावरून कुणाचा असा समज होईल की पद्मशाली विणकर तेलंगणातून सोलापुरात आले आणि त्यांच्याबरोबर हा शब्द आला. तसं नाही. सोलापुरात जुनी गिरणी 1877 साली उभी राहिली, तेलुगू विणकरांची मोठी वस्ती वाढली ती साधारण त्या काळापासून. ‘माग’ येवल्याच्या पैठणीवाल्यांकडेही आहे आणि नागपूरकडच्या कोष्ट्यांकडेही. म्हणजे मराठीने हा शब्द त्याच्या कितीतरी आधी घेतला. सोलापुरात झालं ते एवढंच की जुना उसना शब्द आणि त्याचा मूळ सख्खा भाऊ पुन्हा एका गल्लीत राहायला आले.

आता कानडीतले बाकीचे. ‘मग’ म्हणजे मुलगा. मराठी ‘मग’ आपण ग वर तोडतो, कानडीत शेवटचा अ पूर्ण म्हणायचा, म-ग. बेंगळुरूकडची पोरं एकमेकांना ‘मगा’ म्हणून हाक मारतात, आपण ‘भावा’ म्हणतो तसं. ‘मगळु’ म्हणजे मुलगी, ‘मक्कळु’ म्हणजे मुलंबाळं. अक्कलकोट-इंडी बाजूच्या एसटीत चढलात तर हा शब्द ऐकू येणारच. तमिळमध्ये ‘मगन्’, ‘मगळ्’, ‘मक्कळ्’. हे सगळे एका घरातले, यात वाद नाही.

आणि ‘मग्गी’! कानडीत मग्गी म्हणजे पाढे. दुकानात ‘मग्गी पुस्तक’ मागितलं तर पाढ्यांचं पुस्तक मिळतं. नूडल्सवाल्या मॅगीचा याच्याशी संबंध नाही, ते ज्युलियस मॅगी या स्वित्झर्लंडच्या माणसाचं आडनाव.

कांडीवाला:

तेलुगूत ‘मग’ म्हणजे पुरुष, नर. मगवाडू म्हणजे पुरुषमाणूस. लग्नात नवऱ्याकडच्यांना ‘मगपेळ्ळिवारु’ म्हणतात, नवरीकडच्यांना ‘आडपेळ्ळिवारु’. कानडीत मुलगा, तेलुगूत पुरुष, म्हणजे बहीणभाषांतही अर्थ एवढा सरकलाय.

मागाबद्दल नंतर लिहितो, पाळी सुरू आहे.

त्रिशरण:

या धाग्यावर एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. प्राकृत ‘मग्ग’ पुस्तकात राहिलेला शब्द नाही. सोलापुरातल्या विहारांमधून तो आजही म्हटला जातो. "अरियो अट्ठंगिको मग्गो", आर्य अष्टांगिक मार्ग. चार आर्यसत्यांतलं चौथं सत्यच ‘मग्ग’ आहे. लहान मुलंसुद्धा पालीत म्हणतात.

म्हणजे एकाच शहरात एका वस्तीत ‘मग्ग’ म्हणजे दुःखनिरोधाची वाट आणि दोन चौक ओलांडले की ‘मग्गं’ म्हणजे विणायचं यंत्र. दोन्ही जिवंत, दोन्ही जोडाक्षरासह. आणि दोन्ही घरांतली मुलं शाळेत आली की दोघांसाठी मराठीत ‘माग’च लिहितात. पूर्वभागकर यांनी वर्गात हे दोन उच्चार शेजारी शेजारी म्हणून घेतले तर वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

अर्धमागधी:

फार चांगली चर्चा. सीनाकाठ यांच्या दुसऱ्या शंकेपासून सुरू करते.

अक्का, अण्णा, अप्पा हे हाकेचे शब्द आहेत. हाक मारताना आपण अक्षरावर जोर देतोच, तिथे जोडाक्षर टिकतं. बाप्पा, बब्बड, चिमण्या अशी लाडाची रूपं पाहा, किंवा ‘बापू’चं ‘बप्पू’ करणारी घरं पाहा. शिवाय ज्या शेजाऱ्याकडून शब्द घेतला तो शेजारी रोज भेटत असेल तर त्याच्या तोंडचा उच्चार आपल्याला दुरुस्त करत राहतो. तूप आणि माग यांना तसा पहारा नव्हता, ते मराठीच्या घरात आले आणि मराठीसारखे वागू लागले.

आता मार्गाच्या घराबद्दल, कारण ते घर फार मोठं आहे आणि त्याची मजा अजून कुणी सांगितलेली नाही.

‘मार्ग’ हा शब्द ‘मृग’वरून आलेला आहे. आज मृग म्हटलं की हरीण डोळ्यांसमोर येतं, पण जुन्या भाषेत मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर. सिंहाला मृगेंद्र म्हणतात ते म्हणूनच, आणि शिकारीला मृगया. जनावराची जी पायवाट, जिच्यावरून शिकारी जातो, तो मार्ग. म्हणजे मूळ अर्थ सडक नाही. जनावर गेल्याची खूण, तिचा शोध. मग तुमची ती बातमी पुन्हा वाचा, "पोलीस दरोडेखोरांच्या मागावर". ‘महामार्ग’, ‘मार्गदर्शन’ असे भारदस्त शब्द मूळ अर्थापासून लांब गेले आणि साधा ‘माग काढणे’ शिकाऱ्याच्या जागेवर उभा आहे. गुराख्याच्या आणि वाटाड्याच्या बोलण्यात तर तो अजून अगदी तसाच आहे: ओल्या मातीत पाऊल उमटलं की "माग लागला" म्हणतात.

‘मागणे’ याच घरातलं. मार्गति म्हणजे शोधतो. शोधत दारोदार गेलं की ते विचारणं होतं, विचारणं हात पुढे करून झालं की मागणं होतं. ‘मागे’, ‘मागून’, ‘मागाहून’ यांनाही याच वाटेने यावं लागतं: एखाद्याच्या मागावर असणं म्हणजे त्याच्या पाठीशी असणं. त्यामुळे "मागणीवरून माग" म्हणणाऱ्या जुन्या माणसांना दोन शब्द जवळचे आहेत हे बरोबर जाणवलं होतं. फक्त त्यांनी मागणीची सोयरीक जोडली ती विणायच्या मागाशी, खरी होती ती चोराच्या मागाशी.

ब्रज आणि अवधीत तोच शब्द ‘मग’ होऊन वाट या अर्थाने राहिला. पंजाबीत ‘मगर’ म्हणजे मागे. हिंदीत ‘मगर’ दोन: एक पाण्यातली, मकरावरून आलेली, आणि दुसरा ‘पण’ या अर्थाचा, फारसीतून आलेला. तीन मगरी, तीन घरं.

विजापूर वेस:

फारसीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे मुशायऱ्यात ‘पीर-ए-मुगाँ’ ऐकू येतो. मयखान्याचा म्हातारा मालक, ज्याच्याकडे शायर गुपित विचारायला जातो. यातला ‘मुग’ म्हणजे अग्निपूजक इराणी पुरोहित. मुगाँ हे अनेकवचन. इस्लामी राज्यात दारू विकणारा बहुधा परधर्मी असायचा, म्हणून शायरीत तो मुग झाला आणि पुढे सूफी अर्थाने गुरू झाला.

हा शब्द फार जुना आहे. इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारियसने इसवी सनापूर्वी 520 च्या सुमारास लेख कोरवला, त्यात गौमात नावाच्या बंडखोराला ‘मगु’ म्हटलंय. तोच शब्द ग्रीकांकडे ‘मागोस’ म्हणून गेला. परक्या पुरोहिताचे विधी त्यांना जादूटोणा वाटले आणि त्यातून इंग्रजीतलं ‘मॅजिक’ निघालं. मराठी बायबलात येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून येतात ते ‘मागी लोक’ हेच.

आणि तेच भारतातही आले. सूर्याची पूजा करणारे ‘मग’ ब्राह्मण. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सांगितलंय की विष्णूची स्थापना भागवतांनी करावी आणि सूर्याची मगांनी. म्हणजे एकच शब्द एका बाजूने मुशायऱ्यात आला, दुसऱ्या बाजूने जादूच्या प्रयोगाच्या पाटीवर आणि तिसऱ्या बाजूने संस्कृत ग्रंथात. मला यात फार आनंद वाटतो. ‘मुघल’ मात्र यातला नाही, तो ‘मंगोल’चा.

न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा मग इंग्रजीतून आला. इंग्रजीत तो सोळाव्या शतकापासून लिहिलेला सापडतो आणि त्याचे नातलग उत्तरेला आहेत: स्वीडिशमध्ये ‘मुग्ग’, नॉर्वेजियनमध्ये ‘मुग्गे’, म्हणजे पाण्याचं भांडं.

दोन नंबर ट्राम:

सोलापूरचा, सध्या मुक्काम बुडापेस्ट. हा धागा बघून राहवलं नाही.

हंगेरियन भाषेत ‘मग’ आणि ‘मगा’ दोन्ही आहेत. उच्चार मात्र ‘मॉग’, ‘मॉगॉ’ असा, ओठ गोल करून. ‘मग’ म्हणजे बी, फळातली आठळी. ‘मगा’ म्हणजे स्वतः. आणि तोच ‘मगा’ समोरच्या अनोळखी माणसाला आदराने ‘तुम्ही’ म्हणायलाही वापरतात. इथे आल्यावर हे मला शिकवायला लागलं नाही. कारण आपलं ‘आपण’ हुबेहूब तेच करतं! "आपण आपलं बघावं" मधला आपण म्हणजे स्वतः, "आपण कुठून आलात?" मधला आपण म्हणजे तुम्ही. आपला ‘आत्मन्’वरून आला. हंगेरियन तर आपल्या कुळातली भाषाही नाही, फिनिश आणि एस्टोनियन तिच्या नातेवाईक. ध्वनी सारखे असणं मला तितकं चकित करत नाही. दोन अनोळखी लोकांनी "स्वतः"पासून "तुम्ही"पर्यंत एकच वाट काढली, याचं मला जास्त नवल वाटतं. एकेरी हाक मारायची नाही, नावही घ्यायचं नाही, मग माणूस स्वतःवाचक शब्दाआड उभा राहून बोलतो.

जर्मनमध्ये ‘मग’ असं लिहितात, म्हणतात ‘माक’. ‘इश माक’ म्हणजे मला आवडतं. इंग्रजी ‘मे’ त्याचा सख्खा भाऊ. डचमध्ये तीच अक्षरं ‘परवानगी आहे’ या अर्थी येतात आणि शेवटी घशातला ख लागतो. आणि स्वर लांबवला की डचमध्ये ते जठर होतं. नुसतं लिहिलेलं बघून जुळवाजुळव करू नये हे इथे शिकायला मिळतं.

बाळीवेस:

सगळं वाचलं. मला एक गोष्ट अजून पटत नाही. कानडीत मुलगा म्हणजे मग. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलगा म्हणजे मॅक, मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. ध्वनी जवळ, आणि अर्थ जवळ नाही तर अगदी तोच. इतकं जुळल्यावर योगायोग कसा म्हणायचा? पूर्वी समुद्रमार्गे व्यापार होता, लोक येत-जात होते. भाषाशास्त्रज्ञ सोयीचं नसलं की योगायोग म्हणून मोकळे होतात असं मला वाटतं.

अर्धमागधी:

बाळीवेस, तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, त्यामुळे नीट उत्तर देते.

नातं आहे की नाही हे ठरवताना आजची रूपं शेजारी ठेवून चालत नाही, दोन्ही मागे नेत जायचं. खरं नातं असेल तर मागे जाल तसे ते जवळ येतात. ‘सात’ आणि इंग्रजी ‘सेवन’ आज लांब वाटतात. मागे न्या, ‘सप्त’ आणि लॅटिन ‘सेप्टेम’ गळ्यात गळे घालतात.

आता मॅक. आयर्लंडमध्ये ओघम नावाच्या लिपीत, दगडाच्या कडेवर रेघा कोरलेले जुने लेख आहेत. त्यांत "अमक्याच्या पुत्राचा" यासाठी येणारं रूप ‘मक्वी’ असं आहे, क नंतर व. हा क्व आयरिशमध्ये पुढे साधा क झाला आणि वेल्शमध्ये प झाला. म्हणून वेल्शमध्ये मुलगा म्हणजे ‘मॅप’, पुढे ‘मॅब’. हे एकाच शब्दात नाही: डोक्याला आयरिशमध्ये ‘क्यान’, वेल्शमध्ये ‘पेन’. म्हणजे मॅक मागे गेला की मक्व होतो, आणि त्याचा भाऊ मॅब निघतो.

कानडी मग मागे न्या. तमिळमध्ये तो ‘मकन्’ असा लिहितात, शेवटी पुल्लिंगी प्रत्यय, मुलीचा ‘मकळ्’. इथे मूळ भाग ‘मक’, त्यात व नाही, प होण्याची शक्यता नाही. आणि तो मुलगा-मुलगी दोघांना धरून आहे. आयरिशमध्ये मुलीसाठी वेगळाच शब्द आहे, आडनावातला ‘निक’ येतो तो त्यातून. मागे जाल तसे दोघे एकमेकांपासून दूर जातात. म्हणून नातं नाही. सोय-गैरसोय हा भागच नाही.

आणि एवढी जुळणी होतेच कशी? जगात सात हजारांच्या आसपास भाषा. प्रत्येकीत हजारो शब्द. म, क, ग, अ हे ध्वनी बहुतेकांकडे आहेत. तीन ध्वनींचा शब्द घेऊन शोधायला निघालात तर कुठे ना कुठे अर्थही जुळणारच. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ दोन्हींचा अर्थ वाईट, आणि त्या तर एकाच मोठ्या कुळातल्या भाषा. तरीही हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

बाळीवेस:

वेल्शचा मुद्दा नवीन होता, तो मान्य. पण व्यापाराने शब्द गेले-आले हे सरसकट नाकारू नये एवढंच म्हणतो. माग स्वतःच तसा आलाय ना शेजारून?

अर्धमागधी:

नक्कीच. तिथे शेजार आहे, वस्तू आहे, मग्गदेरेसारखा जुना लेख आहे आणि तुपासारखा सोबती शब्द आहे. चार साक्षीदार. मॅकसाठी एक तरी आणा, मी आनंदाने वाचीन.

सीनाकाठ:

अक्काचं उत्तर मिळालं, आभार. त्यात भर घालतो. फिनिश भाषेत ‘अक्का’ म्हणजे म्हातारी बाई. तुर्की-मंगोल भाषांत ‘अका’, ‘आगा’ म्हणजे मोठा भाऊ किंवा वडीलधारा. इथेही कुणी घाईने नातं लावू नये. रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलंय की आई-बाप, मामा, दादा हे शब्द बाळाच्या पहिल्या बडबडीतून पुन्हा पुन्हा नव्याने घडतात. ओठ मिटले, उघडले, की मा, बा, पा. मोठी माणसं त्याला अर्थ चिकटवतात, आणि कुठला चिकटवतील याचा नेम नाही: जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई.

कांडीवाला:

आता सवड मिळाली.

वडील हातमागावर होते, मी यंत्रमागावर आहे, चादर-टॉवेलच्या कारखान्यात. ताईंचा मुद्दा बरोबर आहे, धोटा आडवा जातो. ताणा म्हणजे उभे धागे, बीमवरून येतात. बाणा म्हणजे आडवा धागा, तो कांडीवर भरलेला असतो, कांडी धोट्यात. फणी प्रत्येक आडव्या धाग्याला ठोकून आधीच्या कापडाशी बसवते. चादरीवर मोर, फुलं, अक्षरं दिसतात ती वरच्या जॅकार्डमुळे. भोकं पाडलेले पत्ते एकामागून एक फिरतात आणि कुठले उभे धागे उचलायचे ते ठरवतात. फ्रान्सच्या जॅकार नावाच्या माणसाचं ते काम, 1804 सालचं. आमच्याकडे कामगार त्याला जेकाटच म्हणतो, पत्ते बदलायला माणूस वर चढतो.

मला वेगळंच विचारायचंय. ‘माग’ दक्षिणेकडून आला म्हणता. मग मागावरचे बाकीचे शब्द का नाही आले? माझी आजी तेलुगूत ताण्याला ‘पडुगु’ म्हणायची आणि बाण्याला ‘पेक’. धोट्याला ‘नाडे’. यातलं मराठीत काही नाही. ताणा, बाणा, फणी हे तर हिंदीतही आहेत. यंत्राचं नाव एका घरचं आणि सुताचं दुसऱ्या घरचं, असं कसं?

अक्कलकोटी:

कानडीतही ताणा-बाणा नाही. ‘हासु-होक्कु’. हासु म्हणजे अंथरलेलं, पसरलेलं, होक्कु म्हणजे आत शिरलेलं. उभा धागा पसरलेला आणि आडवा त्यात शिरलेला. रोजच्या बोलण्यातही "हासुहोक्कागि" म्हणजे पूर्ण मिसळून गेलेलं.

आणि एक अवांतर: ‘जेड’ म्हणजे कोष्टी, विणकर. जुने वचनकार जेडर दासिमय्या विणकरच होते. जेड म्हणजे कोळीही, जाळं विणणारा किडा.

पूर्वभागकर:

कांडीवाला दादा, तुमच्या प्रश्नाने माझ्या मूळ लेखाला जिथे खरी कसोटी हवी होती तिथेच हात घातलात.

माझ्या मनात चित्र असं होतं की कला दक्षिणेकडून आली आणि तिच्याबरोबर तिचं नाव आलं. ताणा-बाणा ते चित्र टिकू देत नाही. ताणा ‘तन्’चा, ताणणे या आपल्याच क्रियापदाचा भाऊ, संस्कृतात विणण्याचे शब्द वेदांपासून आहेत. म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचे पूर्वज विणत होतेच, सुताचे शब्द त्यांच्याकडे होतेच. दक्षिणेकडून आलेलं नाव फक्त बसायच्या यंत्राचं, लाकडी सांगाड्याचं. मला आता असं दिसतं की दख्खनमध्ये जे बाजारात मोजलं जात होतं, ज्यावर कर बसत होता, ते यंत्र होतं. घरात किती सूत आहे हे कुणी विचारत नव्हतं, किती मग्ग आहेत हे विचारलं जात होतं. मग्गदेरेचा दाखला म्हणूनच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मोजणाऱ्याचा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो, हाताच्या सवयीचे शब्द ज्याच्या त्याच्या घरात राहतात.

जेडचं वाचून अंगावर काटा आला, कारण तेलुगूत अगदी हेच आहे. ‘साले’ म्हणजे विणकर, आमच्या पद्मशालीतला शाली तोच, आणि ‘सालेपुरुगु’ म्हणजे कोळी, अक्षरशः विणकर-किडा. संस्कृतात ‘तंतुवाय’ दोघांनाही. आणि मराठीत त्या किड्याला कोळी म्हणतात, जाळं टाकणाऱ्याच्या नावाने. कानडी, तेलुगू, संस्कृत तिघींनी त्याच्यात कोष्टी पाहिला.

दादा, आता तुमच्याकडून एक हवंय. आजीचे जेवढे शब्द आठवतात तेवढे लिहून काढा: नाडे, पडुगु, पेक यांच्या पुढचे. फणीला काय म्हणायच्या, खळ लावायच्या कामाला काय, पावड्याला काय, तुटलेला धागा जोडण्याला काय. खड्डामाग आता पूर्व भागातही शोधावा लागतो, त्यावर बसलेली माणसं ऐंशीच्या घरात आहेत. मी अशोक चौकाच्या बाजूच्या दोन-तीन घरांतून विचारून ठेवते. अक्कलकोटी, तुम्ही कानडी रकाना भरा. तिन्ही रकाने शेजारी आले की कुठला शब्द कुणी कुणाकडून घेतला ते बघता येईल, नवीन धागा काढते.

कांडीवाला:

लिहितो. तुटलेला धागा जोडण्याला आमच्याकडे ‘सांधणं’, तेलुगू शब्द आईला विचारून सांगतो. रविवारी सुट्टी आहे.